हान्स सेल्ये

हान्स सेल्ये (जन्म : २६ जानेवारी १९०७, व्हिएन्ना, मृत्यू : १६ ऑक्टोबर १९८२, माँट्रियाल) हे हंगेरियन वंशाचे कॅनेडियन अंतःस्रावशास्त्रज्ञ होते. ताण या संकल्पनेला वैद्यकशास्त्रात स्थान मिळवून देणारे संशोधक म्हणून ते ओळखले जातात. शरीरावर कोणतेही मोठे संकट आले की पीयूषिका आणि अधिवृक्क या ग्रंथी एका ठरावीक पद्धतीने कार्यरत होतात, असे त्यांनी प्रयोगांद्वारे दाखवले. ताणाच्या संप्रेरकांविषयीच्या पुढील अभ्यासाचा पाया या कामाने घातला गेला. मात्र सर्व संकटांना शरीराचे उत्तर एकच असते हे त्यांचे मत पुढे जसेच्या तसे टिकले नाही. त्यांच्या निधनानंतर भूकंप, युद्ध आणि अत्याचार यांतून वाचलेल्या मुलांचा व किशोरवयीनांचा अभ्यास झाला, तेव्हा ही गोष्ट विशेष स्पष्ट झाली.

बालपण आणि शिक्षण

सेल्ये यांचे वडील ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात शल्यचिकित्सक होते आणि आई ऑस्ट्रियन होती. वडिलांच्या घराण्यात वैद्यकीचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. हंगेरियन भाषेत त्यांचे नाव शेये यानोश असे उच्चारले जाते. त्यांचे बालपण डॅन्यूब नदीकाठच्या कोमारोम या गावी गेले आणि शालेय शिक्षण तेथील बेनेडिक्टाइन पंथीयांच्या शाळेत झाले. घरात जर्मन आणि हंगेरियन या दोन्ही भाषा होत्या. पुढील आयुष्यात त्यांनी आणखी अनेक भाषा आत्मसात केल्या.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा सेल्ये सात वर्षांचे होते. युद्ध संपले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते आणि ज्या साम्राज्यात त्यांचा जन्म झाला, ते नकाशावरून नाहीसे झाले होते. १९२० च्या त्रियानोन तहानुसार डॅन्यूब नदी ही सीमा ठरली. कोमारोमचा उत्तरेकडील भाग चेकोस्लोव्हाकियात गेला आणि दक्षिणेकडील भाग हंगेरीत राहिला. एकाच गावाची दोन देशांत वाटणी झाली.

वयाच्या सतराव्या वर्षी, १९२४ मध्ये, सेल्ये यांनी प्राग येथील जर्मन विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणास प्रारंभ केला. मधला काही काळ त्यांनी पॅरिस आणि रोम येथेही अध्ययन केले. १९२९ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राची पदवी मिळाली आणि १९३१ मध्ये त्यांनी सेंद्रिय रसायनशास्त्रात डॉक्टरेट संपादन केली.

विद्यार्थिदशेतील एका निरीक्षणाचा उल्लेख त्यांनी पुढे आपल्या लेखनात वारंवार केला. प्राध्यापक विद्यार्थ्यांसमोर वेगवेगळ्या संसर्गजन्य रोगांचे रुग्ण आणत आणि प्रत्येक रोगाची खास लक्षणे कोणती, हे शिकवत. तरुण सेल्ये यांचे लक्ष मात्र त्या खास लक्षणांऐवजी सर्व रुग्णांत सारखे आढळणाऱ्या गोष्टींकडे गेले. भूक मंदावलेली, अंग दुखणारे, जीभ पांढरट झालेली, अंगात कणकण, चेहरा ओढलेला अशी अवस्था जवळजवळ प्रत्येकाची होती. रोग कोणताही असो, माणूस आजारी दिसतो, ही बाब शिक्षकांना सांगण्याजोगी वाटत नव्हती. सेल्ये यांना मात्र तिच्यात एक प्रश्न दिसला. त्याचे उत्तर शोधण्याची साधने त्या वेळी त्यांच्यापाशी नव्हती.

कॅनडातील आगमन

१९३१ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर सेल्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दाखल झाले. पुढील वर्षी ते कॅनडातील माँट्रियाल येथील मॅकगिल विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक जे. बी. कॉलिप यांच्याकडे काम करण्यासाठी गेले. इन्शुलिनच्या शुद्धीकरणात कॉलिप यांचा मोठा वाटा होता. तो काळ संप्रेरकांच्या शोधाचा होता. प्राण्यांच्या ग्रंथींपासून अर्क काढावा, तो प्रयोगशाळेतील प्राण्यांना टोचावा, शरीरात होणारा बदल पाहावा आणि त्यातून नवे संप्रेरक ओळखावे, अशी संशोधनाची रीत होती. सेल्ये यांनीही याच रीतीने कामाला सुरुवात केली.

उंदरांवरील प्रयोग

अंडाशयाचा अर्क टोचलेल्या उंदरांच्या शरीरात सेल्ये यांना तीन बदल दिसले. अधिवृक्क ग्रंथीचे बाह्यक वाढले होते, थायमस आणि लसीका ग्रंथी आक्रसल्या होत्या आणि जठर व लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात व्रण पडले होते. आपल्याला नवे संप्रेरक सापडले, असा त्यांचा समज झाला. परंतु इतर अवयवांच्या अर्कांनीही तेच बदल घडू लागले. अर्क जितका अशुद्ध, तितका परिणाम अधिक, असे दिसून आले. अखेर त्यांनी फॉर्मॅलिन टोचून पाहिले. हा पदार्थ कोणत्याही ग्रंथीतून येत नाही, तरीही त्याने तेच तीन बदल अधिक तीव्रतेने घडवले. नव्या संप्रेरकाचा शोध तेथेच कोलमडला आणि काही दिवस ते अत्यंत निराश झाले.

त्याच निराशेत त्यांना प्रागमधील रुग्ण आठवले. वेगवेगळे रोग झालेली माणसे सारखीच आजारी दिसावीत आणि वेगवेगळे पदार्थ टोचलेल्या उंदरांत सारखेच बदल व्हावेत, या दोन गोष्टींचा परस्परसंबंध असावा, असा तर्क त्यांनी केला. तो पडताळून पाहण्यासाठी त्यांनी उंदरांना कडाक्याच्या थंडीत ठेवले, शक्तीपलीकडचे श्रम करायला लावले, शस्त्रक्रियेने इजा केली आणि निरनिराळी औषधे दिली. कारण बदलले तरी तिन्ही परिणाम तेच राहिले.

४ जुलै १९३६ रोजी नेचर या नियतकालिकात त्यांचे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. त्या वेळी ते २९ वर्षांचे होते. त्या टिपणात त्यांनी शरीराच्या प्रतिसादाचे तीन टप्पे मांडले. पहिला टप्पा धोक्याच्या इशाऱ्याचा असून तो इजेनंतर ६ ते ४८ तासांत दिसतो. दुसऱ्या टप्प्यात शरीर संकटाशी जुळवून घेते आणि वरवर पूर्वपदावर येते. संकट तसेच चालू राहिले तर एक ते तीन महिन्यांनी तिसरा टप्पा येतो. प्राण्याची प्रतिकारशक्ती संपते आणि तो दगावतो. या तीन टप्प्यांच्या मालिकेला सेल्ये यांनी सर्वसाधारण अनुकूलन लक्षणसमूह असे नाव दिले.

या विचाराचे स्वागत सर्वत्र झाले नाही. सर्व विषयांतून समान धागा शोधणे म्हणजे निश्चित असे काहीच न शोधणे होय, असे काही ज्येष्ठांचे मत होते. धोक्याच्या क्षणी ॲड्रेनलिन हे संप्रेरक शरीराला लढण्यास किंवा पळण्यास सज्ज करते, हे दाखवणारे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनाही सर्व इजांना एकच प्रतिसाद ही कल्पना पटली नाही. इन्शुलिनचे एक संशोधक फ्रेडरिक बँटिंग यांनी मात्र सेल्ये यांना प्रोत्साहन दिले आणि छोटेसे आर्थिक साहाय्यही मिळवून दिले.

ग्रंथींची साखळी

पुढील काही वर्षांत सेल्ये यांनी या प्रतिसादामागील यंत्रणेचा शोध घेतला. पीयूषिका ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांना इजा केली असता त्यांची अधिवृक्क ग्रंथी वाढत नसे. अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या उंदरांत थायमस आक्रसत नसे. यावरून संदेशाची वाट उलगडली. पीयूषिका एक संप्रेरक स्रवते, त्यामुळे अधिवृक्क ग्रंथीचे बाह्यक कार्यरत होते आणि त्यातून स्रवणारी संप्रेरके शरीरभर परिणाम घडवतात.

अधिवृक्क बाह्यकातील संप्रेरकांचे ग्लुकोकॉर्टिकॉइड आणि मिनरलोकॉर्टिकॉइड असे वर्गीकरण आणि ही नावे सेल्ये यांनीच रूढ केली. पहिला गट शरीरातील साखरेच्या आणि दुसरा क्षारांच्या व्यवहाराशी संबंधित आहे. माणसातील प्रमुख ग्लुकोकॉर्टिकॉइड म्हणजे कॉर्टिसॉल होय. ते पहाटेनंतर सर्वाधिक असते आणि रात्रीपर्यंत उतरत जाते. संकटात ते वाढते, शरीराला ऊर्जा उपलब्ध करून देते आणि दाह आवरते. पुरेसे कॉर्टिसॉल रक्तात आले की मेंदू व पीयूषिका त्याची नोंद घेऊन पुढील स्रवण थांबवतात.

ताण या शब्दाचा स्वीकार

१९३६ च्या टिपणाच्या शीर्षकात ताण हा शब्द नव्हता. पुढे सेल्ये यांनी पदार्थविज्ञानातील स्ट्रेस ही संज्ञा शरीराच्या या अवस्थेसाठी वापरली. पदार्थविज्ञानात वस्तूवर बाहेरून बल लावल्याने तिच्यात निर्माण होणाऱ्या अंतर्गत बलाला स्ट्रेस आणि वस्तूच्या आकारात होणाऱ्या बदलाला स्ट्रेन म्हणतात. मराठी परिभाषेत यांना अनुक्रमे प्रतिबल आणि विकृती असे शब्द आहेत. सेल्ये यांना अभिप्रेत अर्थ दुसऱ्या शब्दाच्या अधिक जवळचा होता. इंग्रजी ही आपली मातृभाषा नसल्याने निवड चुकली, हे त्यांनी नंतर मान्य केले. तोवर शब्द रुळला होता. म्हणून ताण निर्माण करणाऱ्या कारणासाठी त्यांनी स्ट्रेसर ही वेगळी संज्ञा घडवली. फ्रेंच, जर्मन आणि इतर अनेक भाषांनी मूळ इंग्रजी शब्दच स्वीकारला.

माँट्रियालमधील संस्था आणि लेखन

१९४५ मध्ये सेल्ये माँट्रियालमधीलच फ्रेंच भाषिक माँट्रियाल विद्यापीठात गेले आणि तेथील प्रायोगिक वैद्यक व शल्यचिकित्सा संस्थेचे संचालक झाले. या पदावर ते १९७६ पर्यंत होते. जगभरातून तरुण संशोधक या संस्थेत येत. फ्रान्समधून आलेले रोजे गिलमँ यांनी १९५३ मध्ये येथे डॉक्टरेट मिळवली. मेंदूतून पीयूषिकेला संदेश देणाऱ्या संप्रेरकांवरील कामासाठी त्यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

१९५० मध्ये सेल्ये यांचा स्ट्रेस हा बृहद्‌ग्रंथ प्रकाशित झाला. १९५६ मध्ये द स्ट्रेस ऑफ लाइफ हे सर्वसामान्य वाचकांसाठीचे पुस्तक आले आणि ताण हा विषय प्रयोगशाळेबाहेर पोहोचला. त्याच वर्षी हंगेरीत झालेल्या उठावाच्या काळात गोळी लागून त्यांच्या आईचा मृत्यू झाला. स्ट्रेस विदाउट डिस्ट्रेस या १९७४ च्या पुस्तकात त्यांनी सर्व ताण वाईट नसतो, हा विचार मांडला. माणसाला उभारी देणारा ताण आणि खचवणारा ताण असा भेद त्यांनी केला. इतरांच्या उपयोगी पडून त्यांचा सद्‌भाव मिळवावा आणि त्यातच आपले हित पाहावे, असे जीवनसूत्रही त्यांनी सुचवले. त्यांच्या नावावर सुमारे १,७०० शोधनिबंध आणि ३९ पुस्तके आहेत. १९७० च्या दशकात त्यांना एका दुर्मीळ कर्करोगाने गाठले. त्यातून बरे होऊन त्यांनी काम चालूच ठेवले.

टीका

सेल्ये यांच्या सिद्धांतावरील सर्वांत महत्त्वाची टीका अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेतील जॉन मेसन यांनी केली. उपाशी ठेवलेल्या माकडांत ताणाची संप्रेरके वाढतात, याचे कारण उपवास की मानसिक अस्वस्थता, असा त्यांचा प्रश्न होता. शेजारची माकडे खात असताना आपल्याला मिळत नाही, हे माकडाला दिसत असे. मेसन यांनी काही माकडांना वेगळे ठेवले आणि पोषणमूल्य नसलेल्या पण खाद्यासारख्या दिसणाऱ्या गोळ्या दिल्या. पोट रिकामे असूनही त्यांच्या संप्रेरकांत फारशी वाढ झाली नाही. केवळ इजा पुरेशी नसून तिचा अर्थ प्राण्याला कसा लागतो यावर प्रतिसाद अवलंबून असतो, असा निष्कर्ष मेसन यांनी काढला. १९७५ मध्ये हा वाद एका नियतकालिकातून जाहीरपणे झाला. सेल्ये आपल्या मूळ भूमिकेवर ठाम राहिले.

तंबाखू उद्योगाशी संबंध

सेल्ये यांच्या चरित्रातील एक प्रकरण त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी उजेडात आले. अमेरिकेतील खटल्यांमुळे तंबाखू कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे खुली झाली. त्यांच्या आधारे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेल्ये यांना तंबाखू उद्योगाकडून मोठे अर्थसाहाय्य मिळाल्याचे दिसून आले. हृदयविकाराचे खरे कारण ताण आहे आणि धूम्रपानाने तो हलका होतो, हा युक्तिवाद उद्योगाला सोयीचा होता. १९६९ मध्ये कॅनडाच्या संसदीय समितीपुढे सेल्ये यांनी धूम्रपानावरील निर्बंधांच्या विरोधात साक्ष दिली होती. ताणाचे शास्त्र लोकप्रिय होण्यामागे अशाही शक्ती होत्या. म्हणून त्यांच्या लोकांसाठीच्या लेखनाचे मूल्यमापन करताना ही बाब विचारात घेतली जाते.

मानसिक आघात आणि ताण-संप्रेरके : सेल्ये यांच्यानंतर

१९८० मध्ये, सेल्ये यांच्या निधनापूर्वी दोन वर्षे, अमेरिकन मनोविकार संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेत आघातोत्तर ताणविकाराचा समावेश केला. युद्ध, भूकंप किंवा अत्याचार यांतून वाचलेल्या व्यक्तीला ती घटना पुन्हा पुन्हा घडत असल्यासारखी आठवते, झोप उडते, किरकोळ आवाजानेही दचकायला होते आणि आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळाव्याशा वाटतात. सेल्ये यांच्या सिद्धांताप्रमाणे अशा रुग्णांचे कॉर्टिसॉल वाढलेले असावे, अशी अपेक्षा होती. १९८६ मध्ये मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांची तपासणी केली. या विकाराच्या रुग्णांच्या लघवीतील कॉर्टिसॉल कमी आढळले.

किशोरवयीनांबाबत असाच प्रश्न आर्मेनियातील भूकंपानंतर विचारला गेला. ७ डिसेंबर १९८८ रोजी सकाळी शाळा भरलेल्या असताना हा भूकंप झाला. त्यात किमान २५,००० माणसे मरण पावली आणि स्पिताक हे शहर जवळजवळ उद्ध्वस्त झाले. पाच वर्षांनी आर्मेन गोएन्जियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पिताकमधील किशोरवयीनांची तुलना भूकंपकेंद्रापासून दूर असलेल्या येरेवानमधील किशोरवयीनांशी केली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार स्पिताकमधील मुलामुलींचे सकाळचे कॉर्टिसॉल कमी होते. कॉर्टिसॉलसारखेच काम करणारे डेक्सामेथासोन हे औषध अल्प मात्रेत दिल्यावर त्यांचे कॉर्टिसॉल अधिक प्रमाणात दबले. म्हणजे स्रवण थांबवणारा लगाम नेहमीपेक्षा घट्ट झाला होता. ग्रंथी झिजून थकते, या सेल्ये यांच्या तिसऱ्या टप्प्यापेक्षा हे चित्र वेगळे होते.

सर्व अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत. अत्याचार सोसलेल्या आणि या विकाराने ग्रस्त असलेल्या लहान मुलांमध्ये १९९९ च्या एका अमेरिकन अभ्यासात कॉर्टिसॉल वाढलेले आढळले. २००७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. संकट ताजे असताना कॉर्टिसॉल चढे असते आणि काळ लोटल्यावर ते उतरते, असा कल त्यात दिसला. मुलाचे वय, आघाताचे स्वरूप आणि मध्ये गेलेला काळ या तिन्हींवर उत्तर अवलंबून असते. त्यामुळे रक्ताच्या किंवा लघवीच्या एका तपासणीवरून एखाद्या मुलाला हा विकार आहे किंवा नाही, हे ठरवता येत नाही. तपासणीतील आकडा कमी आला म्हणून त्या मुलाचा त्रास कमी आहे, असेही म्हणता येत नाही.

उपचारांच्या दृष्टीनेही आर्मेनियातील अनुभव महत्त्वाचा ठरला. भूकंपग्रस्त ग्युम्री शहरातील शाळांमध्ये काही किशोरवयीनांना घटनेविषयी आणि गमावलेल्या माणसांविषयी बोलण्याची संधी देणारे मानसोपचार मिळाले. काळानुसार त्यांची लक्षणे कमी झाली. असे उपचार न मिळालेल्या मुलांची लक्षणे मात्र वाढली. केवळ काळ जाऊ दिल्याने आघाताचा परिणाम ओसरतोच असे नाही, हे यातून दिसून आले.

सन्मान आणि वारसा

१९६८ मध्ये सेल्ये यांना कॅनडाचा ऑर्डर ऑफ कॅनडा हा सन्मान कंपॅनियन या सर्वोच्च श्रेणीत देण्यात आला. नोबेल पारितोषिकासाठी त्यांच्या नावाची १७ वेळा शिफारस झाली, परंतु ते त्यांना मिळाले नाही. अधिवृक्क बाह्यकातील संप्रेरकांवरील कामाचे १९५० चे पारितोषिक केंडल, राइखश्टाइन आणि हेंच यांना मिळाले.

१६ ऑक्टोबर १९८२ रोजी माँट्रियाल येथे सेल्ये यांचे निधन झाले. त्यांच्या बालपणीच्या गावाच्या उत्तर भागात, आजच्या स्लोव्हाकियातील कोमार्नो येथे, २००४ मध्ये स्थापन झालेल्या हंगेरियन भाषिक विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

सर्व संकटांना एकच उत्तर, हा सेल्ये यांचा नियम आज त्या स्वरूपात मानला जात नाही. परंतु बाहेरची घटना संप्रेरकांच्या वाटेने शरीरात उतरते, ही त्यांची मूळ दृष्टी टिकून आहे. आर्मेनियातील मुलांची तपासणी करणाऱ्या संशोधकांनी ज्या ग्रंथींची साखळी मोजली, ती उलगडण्यात सेल्ये यांच्या मॅकगिलमधील प्रयोगांचा मोठा वाटा होता.